निघालेला टँकर

१० एप्रिल २०२४, बुधवार

काल पाडव्याला वस्तीवर जाऊन आलो. करमाडच्या पुढं आमची मेंढरांची वस्ती. विहिरीचा तळ दिसतोय. बाकीचे मेंढके गोदाकाठाला निघायच्या तयारीत, आबाही बिऱ्हाड बांधत होते. मी सगळ्यांदेखत म्हणालो, आबा, कुठं जायची गरज नाही. शहरातले टँकर माझ्या हातात आहेत, एक पाठवतो. आवाज जरा मोठाच लागला. आईनं जमलेल्या सगळ्यांकडं एकदा बघून घेतलं. तिचा चेहरा असा काही फुलला, की मलाही ते खरं वाटायला लागलं.

संकल्प: आठवड्याच्या आत टँकर.

१२ एप्रिल, शुक्रवार

ऑफिसात इंटरनेटवर चालणारा नवीन फोन बसवला. टँकर सर्जेरावसाहेबांचे, गारखेड्यातलं ऑफिसही त्यांचंच. फोन उचलायचं डिपार्टमेंट पूर्ण माझं. (व्हिजिटिंग कार्डावर मी 'मॅनेजर' छापून घेतलंय. साहेबांनी अजून कार्ड बघितलेलं नाही.) नवीन नंबरावर कॉल आला की थेट माझ्या मोबाईलवर फॉरवर्ड होतो. सेटिंग मी स्वतः केलं. त्यात एके ठिकाणी विचारलं होतं, फॉरवर्ड झालेल्या कॉलवर कुठला नंबर दाखवायचा, कॉल करणाऱ्याचा की ऑफिसचा? अर्थात ऑफिसचा. माझा खाजगी नंबर गिऱ्हाइकाला दिसता कामा नये. मागच्या उन्हाळ्यात लोकांनी मला जेवताना शिव्या दिल्यात.

आईलाही हाच नंबर दिला. म्हटलं, मोबाईलवर करू नको, कामात मी तो बघत नाही. ह्यावर केलास तर कुठंही असलो तरी उचलीन. मात्र कॉल रेकॉर्ड होतात, तेव्हा 'आई बोलतेय', 'शिवा आहे का' असलं काही नको, गिऱ्हाइकासारखं बोलायचं. ती म्हणाली, व्हय, साहेब म्हणंन की. दोघंही हसलो.

१५ एप्रिल, सोमवार

फोनमध्ये गडबड आहे. कॉल कुणाचाही असो, माझ्या मोबाईलवर ऑफिसचाच नंबर दिसतो. मी ऑफिसात बसलेलो आणि ऑफिस मला फोन करतंय.

मागच्या वर्षीची माझी पद्धत शास्त्रशुद्ध होती. नंबर सेव्ह केलेले: 'बायपास कटकट', 'सोसायटी चेअरमन उचलू नये', 'रडणाऱ्या काकू'. सगळी मेहनत वाया. आता उचलेपर्यंत कळत नाही आणि उचलल्यावर उशीर झालेला असतो.

१८ एप्रिल, गुरुवार

राउटर बंद करून चालू केला. मोबाईल बंद करून चालू केला. पंखासुद्धा बंद करून चालू केला, एकाच बोर्डावर आहे म्हणून. फरक नाही. शेवटी ऑफिसचा नंबर 'कोणीतरी' नावानं सेव्ह केला. आता स्क्रीनवर निदान काहीतरी नाव येतं.

टँकरचा आठवडा काल संपला. पण आठवडा मोजायला सोमवारपासून सुरुवात करायला हवी होती.

२२ एप्रिल, सोमवार

नवीन धोरण. कुणाचा फोन ते कळत नाही, तर सगळ्यांना एकच उत्तर: टँकर निघालाय. विलक्षण परिणाम. लोक लगेच शांत होतात. यात खोटं काही नाही, आपला कुठला ना कुठला टँकर कुठून तरी निघालेलाच असतो.

वस्तीच्या टँकरचं विचारायला साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. वायफायचं विचारून आलो.

२६ एप्रिल, शुक्रवार

मरणाचं ऊन. गारखेड्यात नळाला पाणी येऊन आठवडा उलटला. बायपासला नवीन इमारती उभ्या राहतायत, त्यांच्या गच्चीवर स्विमिंग पूल, आणि त्यांचा चेअरमन मला विचारतो पाणी कुठंय. पाइपलाइनच्या खोदकामात इंटरनेटची केबल तुटली होती, ती जोडली, पण आवाज माठात तोंड घालून बोलल्यासारखा येतो.

तेवढ्यात एका बाईचा फोन. साहेब, टँकर कवा येतंय? म्हटलं, निघालाय. ती म्हणाली, लई बरं झालं साहेब, उपकार झाले. ना आरडाओरडा, ना शिव्या. अशी समजूतदार गिऱ्हाइकं असती तर या धंद्यात मजा होती.

२९ एप्रिल, सोमवार

शुक्रवारच्या समजूतदार बाईचा पुन्हा फोन. ड्रायव्हर वाट चुकला आसंल का साहेब, हमरस्त्याला माणूस उभा करू का, विचारत होती. करा म्हटलं. कल्पना चांगली होती. सगळ्या गिऱ्हाइकांना सुचवायला हवी.

३ मे, शुक्रवार

दिपाली भाकरी वाढता वाढता म्हणाली, अहो, आत्याबाईंचा माझ्या मोबाईलवर फोन होता. तुम्ही पाठवलेला टँकर अजून पोचला नाही. मामंजी रोज उन्हातान्हाचे हमरस्त्याला उभे राहतायत, येईल त्या टँकरला हात करतायत. बाकीची बिऱ्हाडं गोदाकाठाला गेली. हे दोघंच थांबलेत, लेकानं सांगितलंय म्हणून.

मी विचारलं, कुठला टँकर?

मग मलाच कळलं. आई मला साहेब म्हणाली होती. दोन वेळा. आणि मला आवाज ओळखू आला नाही.

भाकरी तशीच राहिली. लाज वाटली. फार वाटली. पण शांतपणे विचार केला तर हा शुद्ध टेक्निकल दोष आहे. स्क्रीनवर 'आई' आलं असतं तर मी 'निघालाय' म्हणालो असतो का? शक्यच नाही. मुळावर घाव घालायला हवा. आधी कॉलर आयडी, मग टँकर.

४ मे, शनिवार

फोन कंपनीच्या सपोर्टला लावला. मुलगी हुशार. म्हणाली, सर, तुमच्या सेटिंगमध्ये ऑफिसचा नंबर दाखवा असं निवडलेलं आहे, म्हणून तसं होतंय. कुणी निवडलं? म्हटलं, इन्स्टॉलेशनवाल्यानं. तिनं विचारलं, इन्स्टॉलेशन कुणी केलं? लाईन कट झाली. (केली.)

पुन्हा लावला. सेटिंग बदललं. तरी तोच नंबर. ती म्हणाली, इंटरनेटचा कॉल मोबाईलवर फॉरवर्ड करताना काही मोबाईल कंपन्या मूळ नंबर पुढं जाऊ देत नाहीत. आमचं ॲप टाका, कॉल सरळ ॲपमध्येच येईल आणि खरा नंबर दिसेल. म्हणजे माझी चूक अर्धीच. अर्धी मोबाईल कंपनीची. बरं वाटलं.

७ मे, मंगळवार

फकिरा आपला जुना ड्रायव्हर. शेंद्र्याच्या एका कंपनीत तो रोज टँकर खाली करतो, तिथून करमाड किती लांब? त्याला म्हटलं, एक खेप आमच्या वस्तीवर टाकशील का? तो म्हणाला, भाऊ, जित्राबाचं पाणी हाय, पुण्याचंच काम. तुमी फकस्त साहेबांच्या कानावर घाला, म्या आत्ता निघतो. म्हटलं, घालतो.

केबिनच्या दारापर्यंत गेलो. साहेब फोनवर होते. मग जेवत होते. मग नुसतेच बसले होते, तेव्हा डिस्टर्ब करणं बरं दिसलं नसतं. आणि मॅनेजरनं परवानगी मागायची म्हटल्यावर वस्तीवर जे बोललो त्याचं काय राहिलं?

फकिरानं संध्याकाळपर्यंत वाट बघितली. मी मागच्या दारानं घरी आलो.

१० मे, शुक्रवार

आबा एकटेच मेंढरं घेऊन गोदाकाठाला निघाले. सोबत कुणी नाही, ऊन असं, वाटेत दोन कोकरं गेली. आई वस्तीवरच आहे, नुकत्याच व्यालेल्या मेंढ्या चालू शकत नाहीत म्हणून. डोक्यावर हंडा घेऊन शेजारच्या शिवारातून पाणी आणते. हे सगळं दिपालीनं सांगितलं. मी विचारलं, आई चिडली का? नाही म्हणे. म्हणत होती, शिवाची लाईन लई बिझी आसती, त्याच्यावर अख्ख्या शहराचा भार हाय, त्याला काय बोलू नगं.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्या ऐकायची मला सवय आहे.

११ मे, शनिवार

ॲप टाकलं. दिपालीला ऑफिसच्या नंबरावर फोन करायला लावला. स्क्रीनवर लख्ख 'दिपाली'! उचलून हॅलो म्हणालो. ती म्हणाली, आता तरी आत्याबाईंना लावा. म्हटलं, मी लावण्यात अर्थ नाही, सिस्टिमची टेस्ट येणाऱ्या कॉलवरच होते. तिनं फोन ठेवला.

संकल्प: आईचा फोन आला की पहिल्या रिंगला उचलायचा. सगळं खरं सांगायचं. आता अडचण कसलीच नाही.

१४ मे, मंगळवार, सकाळी अकरा

फोन वाजला. स्क्रीनवर 'आई'.

अक्षरं स्पष्ट होती. नेटवर्क पूर्ण होतं. साहेब बाहेर गेले होते, ऑफिसात दुसरं कुणी नव्हतं. पूर्ण वाजून बंद झाला.

पुन्हा वाजला. पुन्हा 'आई'. मोबाईल टेबलावर पालथा ठेवला. आवाज थांबल्यावर उचलून बघितला तर सपोर्टवाल्या मुलीचा मेसेज होता, सर, आपली समस्या सुटली का? 'होय' दाबलं. मोबाईल परत पालथा ठेवला.

आता तिसऱ्यांदा वाजतोय. कुणाचा आहे ते बघायची गरज नाही.