घडी पडू नये म्हणून

३ जून
ती. ताईस, धाकटीचा सा. न. वि. वि.

बरेच दिवसांत पत्र नाही, म्हणजे स्वारी रुसलेली दिसते. असू दे. काम तातडीचं आहे. बाबांच्या कपाटात माझा नर्सिंगचा डिप्लोमा राहिलाय, तो रजिस्टर पोस्टाने धाड. हॉस्पिटलात मला कायम करणार आहेत. वीस तारखेच्या आत मूळ कागद दाखवायचा, त्याच्या पाठीवर शिक्का मारतात. नाही दाखवला तर जागा दुसरीला जाईल.

घडी मात्र घालू नकोस. गंमत बघ, डिप्लोमा हा मूळचा ग्रीक शब्द आणि त्याचा अर्थच दुमडलेला कागद. जुन्या काळी सरकारी कामावर निघालेल्याला असा कागद देत, तो दाखवला की वाट मोकळी. तू सातवीतच शाळा सोडलीस, तुला कुठून ठाऊक असणार म्हणा.

बाबांना अंथरुणाला खिळून वर्ष झालं ना? यंदाही मला यायला जमेलसं वाटत नाही. तुझ्याइतकं कोण करणार त्यांचं.

माया कमी करू नकोस,
धाकटी

११ जून
चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

रुसायला सवड कुठली, बाई. बाबांच्या पाठीला जखमा झाल्यात. तुझं ग्रीक त्यांना वाचून दाखवलं. पोरगी केवढी शिकली म्हणून रडले. मी शाळा सोडली ती तुला कडेवर घ्यायला, हे तुम्ही दोघंही विसरलात.

घडी पडू नये म्हणून डिप्लोमा दोन्ही बाजूंनी लॅमिनेट करून घेतला. दुकानदार म्हणाला, यावर शिक्का बसत नाही, ऑफिसात परत करतात. म्हटलं, तू कर. सोलायला जाऊ नकोस, अक्षरं निघून येतात.

तब्येतीला जप,
ताई

१९ जून
ताई,
कागद परत केला. नवा काढायला सहा महिने. मेट्रनचे पाय धरले, तरी जागा गेली. जाणूनबुजून केलंस. बाबांचं गू-मूत काढण्यापलीकडे तुझी लायकी नव्हती, नाही.

२३ जून
चि. धाकटीस, आशीर्वाद आहेतच.

तुझी नोकरी गेली, मला मात्र लागली. परगावी एका आजारी बाईंपाशी राहायचं. काम तेच, पण पगार आहे. हे पत्र तुझ्या हाती पडेल त्या दिवशी मी निघालेली असेन. किल्ली शेजारच्या शिंपिणीकडे आहे. तिला आत जायला सांगितलेलं नाही.

बाबांना सांगितलंय, तू येते आहेस. दाराकडे तोंड करून निजवलंय त्यांना.

लोभ होता तेवढा पुरे,
ताई