काळ्या पडद्यावरची ओळ

मंगळवार, दिवेलागणीची वेळ

मी सांगते, नात पल्लवी डाव्या हातानं लिहून राहिली. उजवा सुजला.

दवाखान्याच्या कॉम्प्युटरात कोणाले किती अधिकार, हे ती काळ्या पडद्यावर ओळ टाकून ठरवते. पेशंटच्या नोंदी पुसतो म्हणून तिथल्या साहेबाचे थोडे अधिकार तिनं काढले. आज तो घरात घुसला, तिचा हात पिरगाळला. "परत दे, नाहीतर मोडतो!" तिनं डाव्या हातानं घरच्या लॅपटॉपवर ओळ टाकली. तो वाचल्यासारखी मान हलवत होता, तेवढ्यात मी वरवंटा त्याच्या अंगठ्यावर हाणला. हाड वाजलं. रडत पळाला. इतक्या जोरानं काहून हाणला मी? लिही वं, गाळू नको.

"आजी, त्या ओळीनं त्याचे उरलेलेही काढले," पल्लवी म्हणे.

म्हणजे काळ्या पडद्यापुढं साहेबही माझ्यासारखाच अंगठाछाप. फक्त माझा अंगठा शाबूत आहे.