आठ स्टाइलींचं बारसं

३ मार्च, सकाळ
रिटायर होऊन महिना झाला. काल अकोल्याहून मनोजरावांचा, धाकट्या बहिणीच्या यजमानांचा, फोन. म्हणाले, आता काय, आराम! वर हसले. दाखवतोच यांना. रिटायर झालो, निकामी नाही झालो.

मुलगा सोहम म्हणतो, वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरचं मराठी भाषांतर लोक हौसेनं करतात. एका थीमच्या, म्हणजे तयार साच्याच्या, आठ स्टाइलींची, म्हणजे रंगसंगतींची, नावं बाकी आहेत. मिडनाइट, सनराइज वगैरे. आठच शब्द! जेवणाआधी उडवतो. मग त्यांच्या पानावर माझं नाव झळकणार.

संध्याकाळ
'मध्यरात्र' लिहिलं. खोडलं. असं तर कोणीही करेल. नाव नक्षत्रावरूनच ठेवावं. आपल्याकडे कुत्र्याचंही तसंच ठेवलंय.

५ मार्च
थीम नेटवर आली ती वेळ सोहमनं काढून दिली. पंचांग पाहिलं. पूर्वाषाढा, चौथा चरण, अक्षर 'ढा'. आठही एकाच मिनिटाला जन्मल्या, म्हणजे आठही 'ढा'.

बायको म्हणाली, वेळ मागंपुढं करा की, चुलतबहिणीच्या पत्रिकेत केलीच होती. मी लक्ष दिलं नाही. शास्त्र म्हणजे शास्त्र.

६ मार्च
ढाल. ढाळ. ढाण्या. वा रे पठ्ठे! चौथं सुचून नाही राहिलं. ढाबा?

९ मार्च
नाव ठेवायचा मान आत्याचा. धाकट्या बहिणीला, सरोजिनीला, अकोल्याहून बोलावलं. तिची लोणच्यांची साइट याच थीमवर होणार आहे. घुगऱ्या केल्या. लॅपटॉपचा कान कोणता, यावर वाद झाला. माइक हाच कान, असा निर्णय मी दिला. सरूनं तिथं कुर्र केलं. बायकोच्या डोळ्यांत पाणी. आनंदाचं असणार. रात्री ओढूनताणून जुळवलेली आठही नावं साइटवर पाठवली.

११ मार्च
आठही रिजेक्ट! तपासणारा नितेश, दर्यापूरचा पोरगा. लिहितो, सर, अर्थ तरी ठेवा, ढाबा काहून? आपल्याच जिल्ह्याचा माणूस असा जळतो!

१४ मार्च
नितेशनंच नावं टाकली. पहिलं 'मध्यरात्र'. म्हणजे मूळ माझंच. खोडलं होतं म्हणून काय झालं? माफ केलं पोराला.

१६ मार्च, अकोला
सरूची साइट आज सुरू. शेजारीपाजारी जमलेले. मी म्हटलं, स्टाइल निवड, पण नावं नीट वाच. तिनं सरळ स्क्रीनवर बोट ठेवलं. म्हणाली, ते निळंवालं.

अगं, नाव तर वाच, मी म्हटलं.

म्हणाली, दादा, याले नाव बी राह्यते का?

सगळे हसले. मनोजरावांनी खुर्ची पुढं सरकवली. म्हणाले, बसा, आराम करा.

बसलो.