रविवारी चार वाजताचं बिस्किट

प्रिय आई,

हे पत्र सावकाश वाच. कुठलीही गोष्ट शेवटाकडून सुरू करायची तुला खोड आहे, ती आजच्यापुरती आवर. पानांवर एक ते चार आकडे घातले आहेत, त्याच क्रमानं वाच. सोबतचा डबाही आधी उघडू नकोस. आज रविवार आहे, संध्याकाळचे सहा वाजलेत. दोन तासांपूर्वी तुझा फोन येऊन गेला आणि तू हसलीस. त्या हसण्यामुळे हे लिहायला बसलो आहे. शब्दकोश शेजारी ठेवला आहे, तरी एखादी वेलांटी चुकली तर शाळा अर्धी सोडल्याचं ते व्याज समज.

मागचे चार रविवार तू विचारत होतीस की आजोबांच्या बिस्किटाचा आवाज का येत नाही. पहिल्यांदा मी म्हणालो लाइन खराब आहे. मग म्हणालो, ते आज हळू चावताहेत. मग म्हणालो, बिस्किटं मऊ पडली. आई, तिसरं खरं होतं. बाकीचं खरं आता सांगतो, पण ते बिस्किटांवरूनच सांगता येईल. दुसरीकडून सुरुवात करायला गेलो की हात थांबतो.

हे सगळं सुरू कसं झालं ते तुला आठवत असेलच, तरी लिहितो. तू त्या म्हातारीला सांभाळायला तिकडे गेलीस त्या पहिल्या दोन महिन्यांत आजोबा फोन कानाला लावून नुसते “हं, हं” करायचे. खिळ्यांच्या कारखान्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाला फोनमधलं काय ऐकू येणार? तू इकडची खुशाली विचारायचीस आणि ते म्हणायचे, “हो, जेवलो.” एका रविवारी ते चहाबरोबर बिस्किट खात होते आणि मी तसाच फोन त्यांच्या तोंडापाशी धरला. तिकडून तू ओरडलीस, “बाबा, बिस्किट खाताय! ऐकू आलं मला!” मी त्यांच्या खांद्यावर एकदा थोपटून खूण केली, की पोचलं. तेव्हा ते जे हसले, तसे मी त्यांना फार कमी वेळा हसताना पाहिलंय. मला म्हणाले, “कान गेले तर गेले. मी दातानं ऐकतो. तीही आता माझे दातच ऐकेल.” पुढच्या आठवड्यात त्यांनी दुकानातला पुडा परत पाठवला. म्हणाले, याला आवाज नाही. आणि सत्तरीच्या माणसानं जन्मात पहिल्यांदा मैदा चाळायला घेतला. पहिल्या वेळी स्वयंपाकघर असं पांढरं झालं होतं की मावशी दारातूनच म्हणाली, “बाबा, बिस्किटं करताय की घराला रंग देताय?”

तूही तेव्हा लिहिलं होतंस की तिकडे सगळं पातळ नाहीतर कुस्करलेलं असतं, म्हातारीच्या दातांबरोबर तुझ्याही दातांना रजा मिळाली आहे, तेव्हा बाबांना म्हणावं माझ्या वाटचं तुम्ही चावा. त्याच पत्रात आणखी एक वाक्य होतं. इथे सगळं आहे, फक्त आतून कडी लावता येईल अशी खोली नाही. तू ते गमतीनं लिहिलं असशील. माझ्या ते लक्षात राहिलं.

तर मागचे पाच आठवडे बिस्किटं मी भाजतोय. आजोबा नाही, मी. त्यांची दोन बिस्किटं डब्यात उरली होती. ती टिकावीत म्हणून मी रोज झाकण उघडून पाहायचो, सकाळी एकदा, दुकानातून आल्यावर एकदा, आणि झोपताना पुन्हा. तुला माझा स्वभाव माहीत आहे. इतकी हवा खाल्ल्यावर ती मऊच पडली. तिसऱ्या शनिवारी एक हलकेच दाबलं तर ते मोडलं नाही, वाकलं. दुसऱ्या दिवशी चार वाजता तुझा फोन येणार होता आणि घरात आवाज देणारं एकही बिस्किट नव्हतं.

मी त्याच दिवशी पहिला घाणा केला. आजोबांनी माप कधी लिहून ठेवलं नव्हतं, त्यांचं सगळं मुठीवर. मी मुठीनं घेतलं, पण माझी मूठ लहान आहे. वरून लालबुंद झाली आणि आतून शिऱ्यासारखी राहिली. सोमवारी चष्म्याच्या दुकानातून काचेची जाडी मोजायचं यंत्र रुमालात गुंडाळून घरी आणलं. मालकांना सांगितलं नाही. आजोबांचं बिस्किट सहा मिलिमीटर, कडेला पाच. माझं साडेनऊ. मग मीही त्यांच्यासारखं पेल्याच्या बुडानं दाबायला लागलो आणि प्रत्येक मोजून ट्रेमध्ये ठेवलं. तू मला मोजपट्टी म्हणतेस ते काही उगाच नाही.

जाडी जमली तरी दुसरा घाणाही मऊच. तेव्हा कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्या काकांकडे एक नमुना घेऊन गेलो. त्यांनी तोडून पाहिलं, वास घेतला आणि विचारलं, भाजताना दार किती वेळा उघडलंस? मी खरं सांगितलं, दर दोन मिनिटांनी. ते गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, “अरे, कोंबडीसुद्धा अंड्यांवरून इतक्यांदा उठत नाही!” मग जरा खालच्या आवाजात समजावलं, की खुसखुशीत वेगळं आणि कुरकुरीत वेगळं. खुसखुशीत तोंडात विरतं, त्याला लोणी लागतं. कुरकुरीत मोडतं, त्यातलं पाणी जावं लागतं. पाणी घाईनं जात नाही. आच कमी कर, वेळ वाढव आणि तू त्या खोलीतून बाहेर जा. गिऱ्हाइकांसमोर ते त्यांना कुकीज म्हणतात, माझ्याशी बोलताना बिस्किटंच म्हणाले.

तिसरा घाणा छान निघाला होता. ट्रेमधून उचलतानाच टक् वाजत होता. पण हवा लागून पुन्हा मऊ पडतील या धास्तीनं मी ती गरम गरमच डब्यात भरली आणि झाकण घट्ट लावलं. रविवारी उघडलं तर झाकणाच्या आतून पाण्याचे थेंब लोंबत होते. चौथ्या वेळी पूर्ण गार करून भरली, तरी मधोमध पैशाएवढा भाग ओलसर राहिलाच. त्या रविवारी तू म्हणालीस, “बाबांच्या दातांना काही झालंय का? माझ्यापासून लपवू नकोस.” मी म्हणालो, दात ठीक आहेत.

पाचव्या वेळी उत्तर सापडलं ते आजोबांच्या लाकडी चमच्यात. त्याच्या दांड्यावर टोकापासून दोन बोटं सोडून एक काळा, भाजलेला पट्टा आहे. मला वाटायचं कधीतरी शेगडीवर पडला असेल. काल धुताना तो पट्टा निरखून पाहिला. सरळ होता, दाराची कड असते तसा. ओव्हनच्या दारात चमचा आडवा घालून पाहिला आणि पट्टा कडेवर अचूक बसला. म्हणजे ते ओव्हन बंद करून, दाराला चमच्याची फट ठेवून, बिस्किटं आतच सोडून द्यायचे. आच संपल्यावर उरलेल्या उबेत राहिलेलं पाणी निघून जायचं. म्हणूनच ते दर शनिवारी ओव्हन बंद केल्यावर खुर्चीत डोळे मिटून बसायचे आणि मी विचारलं की म्हणायचे, अजून व्हायचंय. मी समजायचो की त्यांना डुलकी लागली आहे.

काल तसं केलं आणि मीही त्या खुर्चीत पाऊण तास बसलो. एकदाही उठलो नाही. बिस्किटं जशीच्या तशी झाली, कडेला किंचित तपकिरी, मध्ये फिकट. पाच मिलिमीटर, सहा मिलिमीटर. एक मोडलं आणि कट् असा आवाज झाला. आनंद व्हायला हवा होता. दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल कसा होतो, आपलाच असून आपला नसतो, तसं मला सगळंच वाटतंय गेले कित्येक दिवस. दुकानात काचा घासतो, घरी येऊन जेवतो, भांडी घासतो. रडूही आलेलं नाही. यात माझं काही चुकतंय का ते मला कळत नाही.

आज चार वाजता तू म्हणालीस, “दे बाबांना.” मी देतो म्हणालो, चार पावलं चाललो, कारण खुर्ची फोनपासून चार पावलांवर आहे हे तुला माहीत आहे, आणि बिस्किट चावलं. पाचही वेळा तेच केलं होतं, त्याआधीच्या दोन रविवारीही. आज आवाज असा खणखणीत गेला की तू हसलीस आणि म्हणालीस, “हे माझे बाबा! चार आठवडे मला धड झोप नव्हती रे. आता जीव भांड्यात पडला.” आणि मी, आई, पोचलं म्हणून खूण करायला हात पुढे केला. हात खुर्चीच्या पाठीवर पडला.

आजोबा गेले. आजच्या रविवारच्या आधी सात मंगळवार मोज, त्यातला पहिला. सकाळी त्यांनी घाणा लावला होता, आधीच्या शनिवारचा मी संपवून टाकला होता म्हणून. मी दीड वाजता जेवायला आलो तर ओव्हन बंद होतं, दाराला फट होती, तिचा अर्थ मला काल कळला, ट्रे कोमट होता आणि ते खुर्चीत होते. मला वाटलं, अजून व्हायचंय. मी माझं पान वाढून घेतलं आणि अर्धं जेवलोसुद्धा. त्यांना त्रास झाला नाही, डॉक्टर तसं म्हणाले आणि चेहराही तसाच होता. मावशी धावत आली. लोक आले, तेव्हा तिनं भान नसताना चहाबरोबर तीच बिस्किटं सगळ्यांपुढे ठेवली. कुणीतरी म्हणालंही, छान कुरकुरीत आहेत. चोवीसातली चार उरली. मावशी म्हणाली, “तिला आत्ता कळवू नकोस. सुट्टीला अकरा आठवडे आहेत. तिकडे रडायला तिला दारसुद्धा नाही. आली की माझ्या मांडीवर डोकं ठेवून काय रडायचं ते रडेल.” मला ते पटलं होतं. पण पाचव्या दिवशी तुझा फोन आला, तू म्हणालीस दे बाबांना, आणि माझ्या तोंडून सवयीनं देतो निघून गेलं. मावशी आजही म्हणते, सात काढलेस तसे अजून चार काढ. आवाज चुकत होता तोवर काढलेही असते. आज तो बरोबर आला, तू निर्धास्त झालीस, आणि आता माझ्याच्यानं ते होणार नाही. म्हणून हे पत्र टपालानं न पाठवता खालच्या मजल्यावरच्या नर्सताईंबरोबर पाठवतोय. त्यांची रजा संपली, गुरुवारी त्या तुझ्याच गावी परत निघतात. शनिवारी दुपारी तुला त्यांच्या खोलीवर नेऊन मगच पत्र हातात देईन असं त्यांनी कबूल केलं आहे. मी त्यांना दोनदा विचारून खात्री केली आहे, त्या खोलीला आतून कडी आहे. त्या बाहेर थांबतील. आता डबा उघड. खालची बारा माझी आहेत. वर कागदात वेगळी गुंडाळलेली दोन आजोबांच्या हातची, ती मऊ पडलेली. काल माझ्या घाण्याच्या मागोमाग मंद उबेत ठेवून, चमच्याची फट देऊन पुन्हा कडक केली आहेत. तुझ्यापर्यंत तशीच राहावीत म्हणून झाकणाला मेण लावलंय. एक तिथेच खा. दुसरं ठेव, आणि रविवारी चार वाजता फोन कर. काही बोलू नकोस, मीही बोलणार नाही. तू फक्त चाव. मी इकडे ऐकतो.

तुझाच,
मोजपट्टी