पर्जन्यमापकाशेजारचा निंब

धुळे, २० मे १९८४

तीर्थरूप नानांस लोटनचा सा. न. वि. वि.

गिरणेच्या खोऱ्यातला पाऊस खरोखर कमी होतोय का, हे शोधायचं काम ऑफिसने माझ्याकडे दिलंय. आपल्या अंगणातल्या पर्जन्यमापकाचे आकडे वर्षागणिक उतरत गेलेत. साहेब म्हणतात, पाऊस तेवढाच आहे, शेजारचा निंब वाढून थेंब अडवतोय. मलाही तेच पटतं. मापक हलवलं तर जुन्या आकड्यांशी तुलनाच राहत नाही. म्हणून निंब तोडावा लागेल.

त्याच निंबाच्या फांदीला आपल्या मंदाचा झोका असायचा. ती देवाघरी गेल्यावरही तुम्ही दर अखजीच्या सणाला तिथे झोक्याचा दोर बांधता. लिहवत नाही, तरी लिहितोय.

माया पातळ होऊ देऊ नका.

आपला,
लोटन

भडगाव, ४ जून १९८४

चि. लोटन यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ऐकून आई माझ्याशी बोलेनाशी झाली. तुझ्याशीही बोलणार नाही म्हणते, पण तुझ्यासाठी लोणच्याची बरणी भरून ठेवलीय. काल निंब तोडला. गडी लावला नाही, मीच कुऱ्हाड घेतली. फांदीवर दोराचे वळ होते. आई म्हणाली, पोरीचं सरण पाहिलं, आता हेही पाहा. पाऊस घटलेला नाही एवढं कळलं तरी पुष्कळ.

जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझा,
नाना

धुळे, ८ जानेवारी १९८६

तीर्थरूप नानांस सा. न.

निंब गेल्यावरही दोन्ही पावसाळ्यांत तुमचे आकडे कमीच आले. आता खोऱ्यातल्या वरच्या गावांच्या जुन्या नोंदी आणि नदीच्या प्रवाहाची मोजणी हाती आलीय. सगळीकडे तीच उतरण, आणि तिथे मापकाजवळ एकही झाड नाही. नाना, पाऊसच घटलाय. निंबाने काही अडवलं नव्हतं. हे कागद येईपर्यंत मी थांबायला हवं होतं. आईला सांगू नका.

रागवा, पण परकं करू नका.

लोटन

भडगाव, १३ मे १९८६

चि. लोटन यास आशीर्वाद.

आईला सांगितलं. तिच्यापासून काय लपतंय? बराच वेळ रडली. मग म्हणाली, पोराला लिहा, मनाला लावून घेऊ नकोस म्हणावं.

काल अखजी होती. गेल्या साली दोराला हात लावला नव्हता, काल मात्र जुन्या सवयीने पेटीतून दोर काढला, खांद्यावर टाकला, अंगणात येऊन वर पाहिलं. तसाच उभा राहिलो. शेवटी आईने दोर माझ्या हातातून घेतला आणि आत नेऊन मंदाच्या लुगड्यांत ठेवला.

पावसाळा तोंडावर आलाय. मापक घासून ठेवलंय. पडेल तेवढा पाऊस खरा लिहून पाठवीन.

आमची माया आहे तिथेच आहे. घरी ये.

नाना