रजा संपायच्या आत

शुक्रवार, २२ नोव्हेंबर १९७४, सांगली

शालन आज दवाखान्यातून घरी गेली. हात रिकामे.

दिवस भरायला अजून दोन आठवडे होते, कळाही नव्हत्या. पण नवरा फौजेत, मंगळवारी त्याची रजा संपणार. सासू डॉक्टरांच्या मागेच लागली, "आवं, पोराला लेकराचं तोंड बघून जाऊ द्या की." डॉक्टर आधी नको म्हणाले, मग तयार झाले. सोमवारी सलाईनमधून कळा आणायचं औषध सुरू केलं. शालनला कुणी विचारलं? मीसुद्धा नाही.

दुपारपर्यंत काही होईना. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, थेंब वाढवा." मी वाढवले. मग कळांवर कळा, तिला श्वास घ्यायला उसंत नाही. बाळाचे ठोके मंदावले तेव्हा कुठे सलाईन थांबवलं. मुलगा झाला, निळसर, जेमतेम रडला. नवऱ्यानं त्याला पाच मिनिटं घेतलं, आम्हाला पेढे वाटले आणि गाडी गाठली. शालनला रक्तस्राव झाला, ती ग्लानीतच होती. मंगळवारी सकाळी बाळ गेलं.

डॉक्टर म्हणाले, "नशीब." थेंब काय नशिबानं वाढवले?

निघताना शालननं मला नवऱ्याच्या नावे पत्र लिहायला बसवलं. सासू म्हणाली, "आत्ताच नगं कळवू, लांब हाय त्यो." शालननं तिच्याकडं पाहिलंही नाही.

"लिवा बाई. लेकरू ऱ्हायलं न्हाई. तुमी त्येला बघितलंसा, मला बघायला गावलं न्हाई. कसं दिसत व्हतं, तेवढं कळवा."