जोरात गेलं की नाहीसा होणारा उंचवटा

ता. ३ मार्च

चि. शहाणीस अ. आ.

तुझं खोकं पोचलं. टेबलाला अडकवायचं स्टेअरिंग, दोन पेडल, खेळ भरलेला लॅपटॉप आणि चार पानी पत्र. वीस वर्षं ट्रक हाकलेल्या मावशीला ब्रेक कुठला ते लिहून कळवलंस, उपकार झाले. माझी शाळा चौथीपर्यंतची, त्यामुळे निम्मं डोक्यावरून गेलं. एवढं कळलं की तुमच्या शर्यतीच्या खेळातली गाडी तुला खोटी वाटते, आणि साहेब म्हणतो, चूक दाखव नाहीतर दुसरी नोकरी बघ.

तर ऐक. चित्र झकास. डांबरसुद्धा पावडर लावून बसलंय. पण वळणाच्या कडेला लाल-पांढरा उंचवटा आहे ना, त्यावरून सावकाश गेले की स्टेअरिंग हिसडतं. सुसाट गेले की कधी दणका, कधी लोण्यावरून गेल्यासारखं. तीसदा गेले. निम्म्या वेळा काहीच नाही. आमच्या ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे असे समजूतदार कधीच नव्हते. काका म्हणतात, असली गाडी मिळाली असती तर गॅरेजवाला उपाशी मेला असता.

जेवत जा. तुझीच, मावशी.

ता. ९ मार्च

ती. मावशीस सा. न. वि. वि.

सापडलं. आमची गाडी चाकाखाली काय आहे ते सेकंदाला साठ वेळाच बघते, मधे डोळे मिटलेले. ताशी दोनशेच्या वेगात तेवढ्यात ती जवळजवळ मीटरभर पुढे जाते. उंचवटा हातभर रुंद, मग तो निसटतो. आम्ही सहा शहाणे चाचणी सावकाश घेत होतो, नीट दिसावं म्हणून.

चाकं तेवढी हजारदा बघतील असं मी केलंय. साहेबांना पटत नाही. म्हणतात, साठ आणि हजार कुणाला कळतंय. त्यांनी स्वतः दोन पाकिटांत एकेक पेनड्राइव्ह बंद केलाय, सोबत पाठवतेय; नवा खेळ कशात ते तू ओळखायचं. चुकलीस तर माझं सामान बांधलेलंच आहे.

माया आहेच, धीरही पाठव. भाची.

ता. १५ मार्च

चि. शहाणीस अ. आ.

दोन्ही पाकिटांत जुनाच खेळ आहे. एकेकात पन्नासदा गेले, दोन्हीकडे उंचवटा निम्म्या वेळा झोपलेला. काका म्हणाले, कुठलंतरी एक सांगून टाक, पोरीची नोकरी जाईल. मी म्हटलं, गेली तर जाऊ दे, जे नाही ते आहे कसं सांगू? साहेबाला विचार, भाचीपायी मावशी अंदाजाने बोट दाखवेल असं वाटलं का? तिसरं पाकीट खरं भरायला सांग.

रागावू नकोस, रागावलीस तरी जेव. मावशी.

ता. २१ मार्च

ती. मावशीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र साहेबांनी उभ्यानेच वाचलं. जुनाच खेळ त्यांनी दोन्हीत मुद्दाम भरला होता. मग नवा खेळ लावून स्वतः बसले, सुसाट गेले आणि मनगट चोळत उठले. चाकं आता हजारदाच बघणार, आणि मी इथेच राहणार.

चाचणीला मावशी पगारावर येतील का, असं विचारताहेत. मी म्हटलं, तुम्हीच विचारा, मला जीव प्यारा आहे.

शिव्या घातल्यास तरी चालतील, पण पत्र घाल. भाची.